रिलीव्हर मागायचा नाही

चकचकीत पत्त्यांच्या त्या नव्याकोऱ्या डब्यातून सगुणाने सहज म्हणून एक पत्ता उचलला, उलटा केला, आणि तिचा हात तिथेच थबकला... कारण पत्त्यावर तीच होती! गॅसपाशी उभी, गाऊनवर ओढणी टाकलेली, हातात सांडशी, केस पिंजारलेले. आणि खाली ठसठशीत लाल अक्षरांत छापलेलं होतं, 'ड्युटी'.

"कसा वाटला?" वेदिकाने विचारलं. सगुणाच्या धाकट्या भावाची, विनोदची, ही एकुलती एक लेक, डोंबिवलीहून काल रात्रीच आईबापांबरोबर देवरूखला भाऊबीजेसाठी आलेली. मुंबईत चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होती. आत्यासाठी काहीतरी सरप्राइज आणलंय म्हणून सकाळपासून नाचत होती. "अण्णा-आजोबांचा खेळ मी नव्याने छापून घेतला. आणि ड्युटी म्हटल्यावर दुसरं कोण सुचणार मला? आत्या म्हणजे ड्युटी."

विनोद हसला. त्याची बायको श्रद्धाही हसली, पण अर्ध्यात थांबली. सगुणानेही ओठ ताणले. काय करणार? पोरीने हौसेने केलंय, तिच्या डोळ्यांत कौतुकच होतं. पण त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात आपला कुणी पत्ता छापावा, आणि त्यावर सांडशी घेऊन उभं करावं... तेही कौतुकाने!

"माझा फोटो कधी काढलास?"

"गणपतीत. तुला कळलंसुद्धा नाही."

कळणार कसं? गणपतीत सगुणाला श्वास घ्यायला तरी सवड होती का? पाच दिवस पंधरा माणसांचं जेवण, त्यात आईचं सगळं अंथरुणावर. तेव्हा फोटोच काय, घरावरचं छप्पर कुणी काढून नेलं असतं तरी तिला कळलं नसतं.

वेदिकाने पत्ते चटईवर पसरले. पाणी, टर्बाईन, तार, दिवा, असे चार रंग. प्रत्येक रंगाच्या आठव्या पत्त्यावर घरचा चेहरा. पाण्यावर अण्णा, म्हणजे आत्माराम, सगुणा-विनोदचे वडील. जाऊन पंधरा वर्षं झालेले. तारेवर आई, तुळसा. टर्बाईनवर विनोद. आणि दिव्याच्या आठव्यावर स्वतः वेदिका, दात दाखवत.

"मला तर पत्ताच नाही," श्रद्धा म्हणाली.

"आई, आठव्यांत जागा नव्हती गं," वेदिका म्हणाली आणि नियमांचा कागद वाचायला लागली. "चौघांना आठ-आठ पत्ते. ड्युटीचा पत्ता ज्याच्यापुढे, त्याने जिंकलेले हात उजवीकडच्याला द्यायचे. ड्युटी एकदा आली की खेळ संपेपर्यंत त्याच्याकडेच. आणि..."

"थांब," सगुणा म्हणाली. "हे कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. आम्ही घरी असंच खेळतो."

"आणि हा दिव्याचा आठवा कुठून आला?"

"जुन्या डब्यात एकतीसच होते ना आत्या. ड्युटी सोडून. चार रंग, आठ-आठ, म्हणजे बत्तीस हवेत. दिव्याचा आठवा तेवढा नव्हता, हरवला असणार. म्हणून मी माझा टाकला."

हिशेब बरोबर होता पोरीचा. शाळेतल्या कुठल्याही बाईंनी पाठ थोपटली असती. पण सगुणाचं डोकं असं सणकलं की तिने हातातला पत्ता चटईवर आपटला.

"दिव्याला आठवा नव्हताच. अण्णांनी केलाच नव्हता. बत्तिसावा पत्ता वेगळा होता. आणि तो हरवलेला नाही," ती म्हणाली, आणि विनोदकडे मुळीच न बघता पुढे म्हणाली, "नीट ऐक. पुन्हा सांगणार नाही."

अण्णा पोफळीच्या वीजघरात ऑपरेटर होते. डोंगराच्या पोटात, बोगद्यातून खाली, तीन पाळ्यांची नोकरी. तिथला एक कायदा कॉलनीतल्या पोरासोरांनाही पाठ होता. पुढच्या पाळीचा माणूस, रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. घरी सण असो, मूल तापाने फणफणलेलं असो, दरड कोसळून रस्ता बंद झालेला असो. रिलीव्हर यायचा, दोघं मिळून सगळी यंत्रं फिरून बघायचे, रजिस्टरात चार्ज देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही... मगच सुटका! अण्णा दारात आले की आई आतून विचारायची, "सुटलात काय?" आणि अण्णा चपला काढत म्हणायचे, "सुटलो." या दोन शब्दांवर त्या क्वार्टरमधला दिवस चालायचा. आणि एका पावसाळ्यात अण्णांनी जुन्या रजिस्टरांचे पुठ्ठे कापून हा खेळ बनवला होता.

"बत्तिसावा पत्ता रिलीव्हर," सगुणा सांगत होती. "ज्याच्या हातात तो असेल त्याने आपली पाळी आली की ड्युटीवर टाकायचा आणि म्हणायचं, चार्ज घेतला. की ड्युटी त्याच्यापुढे आली, आधीचा सुटला. आणि रिलीव्हरचा पत्ता जातो सुटलेल्याच्या हातात. पुढच्या डावात त्याला सातच पत्ते वाटायचे, कारण एक त्याच्यापाशी असतोच. मग कधीतरी त्याने कुणालातरी सोडवायचं."

"सोडवायलाच पाहिजे?"

"बंधन नाही. त्याच्या मनावर."

"मग कोण कशाला सोडवेल? स्वतःच अडकणार की."

पोरीने नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"आणि शेवटचा नियम," सगुणा म्हणाली. "ड्युटीवाल्याने रिलीव्हर मागायचा नाही. खोकायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, तो कुणाकडे आहे हे माहीत असलं तरी त्याच्याकडे बघायचं नाही. अण्णा म्हणायचे, जो आपणहून येतो तोच रिलीव्हर."

विनोद फराळाच्या ताटलीतल्या चकलीचे तुकडे करत बसला होता. एकही तुकडा तोंडात गेला नव्हता.

सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षांपूर्वी अण्णांची उजवी बाजू गेली, नोकरीतून लवकर निवृत्ती घ्यावी लागली, आणि कॉलनी सोडून सगळे देवरूखच्या या तीन खोल्यांत आले. विनोद तेवीस वर्षांचा होता. त्याला मुंबईच्या कारखान्यातून नेमणुकीचं पत्र आलं होतं. सगुणा सव्वीसची, तिलाही रत्नागिरीच्या मुलींच्या वसतिगृहात मेस सांभाळण्याचं काम ठरलं होतं. दोघांपैकी एकाने राहायला हवं होतं, आणि ते कुणी बोलत नव्हतं. एका रविवारी दुपारी, अण्णांना करमावं म्हणून, त्यांच्या खाटेशी पत्ते मांडले. ड्युटी विनोदपुढे आली. त्याचा चेहरा असा पडला की अण्णांनी डोळे मिटून घेतले... आणि सगुणाने हातातला रिलीव्हर त्याच्यापुढे ठेवला. "चार्ज घेतला," ती म्हणाली.

तो खेळ नव्हता, हे चौघांनाही कळलं होतं. विनोदने पत्ता उचलला, शर्टाच्या खिशात ठेवला. "दोन वर्षं, ताई. फक्त दोन वर्षं," असं म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेला.

दोनाची चार झाली. लग्न, वेदिका, डोंबिवलीची जागा. सगुणाला दोन स्थळं आली आणि आईवडिलांचं ऐकल्यावर परत गेली. अण्णा बारा वर्षं अंथरुणावर होते. ते गेले, आणि थोड्या वर्षांत आई विसरायला लागली. आधी मीठ, मग वार, मग माणसं. आता चार वर्षं झाली, आई सगुणाला "बाई" म्हणत होती. पगारावर ठेवलेली बाई समजत होती. "बाई, माझा विनू आला काय?" विनू आठवत होता! दोन सणांना दोन-दोन दिवस येणारा विनू आठवत होता, आणि रोज अंग पुसणारी, वेणी घालणारी, घास भरवणारी लेक तेवढी पुसली गेली होती. आई आजारी आहे, तिचा काय दोष, हे सगुणाला कळत होतं. पण कळून काय उपयोग? रात्री उशीला तोंड दाबून रडायचं ते रडावंच लागत होतं.

आणि त्यात हे राहीचं. राही कॉलनीतली मैत्रीण, पूर्णगडला दिलेली. नवरा गेल्यावर तिने किल्ल्याच्या वाटेवर घरगुती खाणावळ काढली होती. "सगुणा, तू ये," ती दोन वर्षं मागे लागली होती. "हाताखाली नको, बरोबरीने हवीस. तुझ्या हातच्या माशांच्या तिखल्यावर माणसं रत्नागिरीहून येतील. मेपर्यंत तर ये." आणि या वर्षी तिने सांगून टाकलं होतं, "तुळशीच्या लग्नापासून गर्दी सुरू होते. भाऊबीजेपर्यंत हो-नाही सांग. नाहीतर मला दुसरी बघायला लागेल, राग मानू नकोस."

भाऊबीज आजच होती. आज संध्याकाळपर्यंत सगुणाला हो म्हणायचं होतं, आणि ते म्हणता येणार की नाही हे तिच्या हातात नव्हतं. विनोदला तिने फोनवर राहीचं दोनदा सांगितलं होतं. "पाहू," तो म्हणाला होता. तिसऱ्यांदा मागणं तिच्या जिवावर आलं होतं. ड्युटीवाल्याने मागायचं नाही... अण्णांनी हा कसला नियम करून ठेवला होता?

"चला, एक डाव तरी टाकू," वेदिका म्हणाली. "रिलीव्हर नाही तर नाही. माझ्याच नियमांनी."

डाव पडला. ड्युटी पहिल्यांदा कुणापुढे ठेवायची यावर वेदिकाने विचारसुद्धा केला नाही. फोटो जिचा तिच्यापुढे ठेवून दिली. सगुणाच्या हातात पानं सुंदर आली होती. पाण्याचे आठ आणि सात, तारेचे आठ. तिने पहिला हात जिंकला. उजवीकडे विनोद बसला होता, हात त्याला गेला. दुसरा जिंकला, तोही त्याला. तिसरा, चौथा... विनोदपुढे ढीग साचत गेला, आणि तो तो ढीग नीट रचत राहिला.

"आत्या राबणार आणि बाबा जिंकणार," वेदिका हसून म्हणाली. "नेहमीप्रमाणे."

ती थट्टा होती. पण सगुणाने हातातले उरलेले पत्ते खाली ठेवले. एकेक करून नाही, सगळे एकदम.

"तुझ्या बापाला विचार," ती म्हणाली. "बत्तिसावा पत्ता कुठे आहे ते त्याला विचार. सत्तावीस वर्षं खिशात घालून बसलाय. आणि पोरीला शिकवतो काय, तर ड्युटी एकदा आली की संपेपर्यंत. लाज नाही वाटली रे विनू तुला? खेळसुद्धा बदललास? रिलीव्हर असा काही असतो हे तुझ्या लेकीला कळू नये म्हणून खेळच बदललास?"

"ताई, पत्त्यांवरून कसली चिडतेस," विनोद म्हणाला, पण मान वर न करता.

"पत्त्यांवरूनच चिडणार. दुसरं काय आहे माझ्याकडे चिडायला?"

आतून आईचा आवाज आला. "बाई... ओ बाई... तीन वाजले. डबा भरलात काय? ह्यांची पाळी आहे."

घड्याळात खरोखरच तीन वाजत आले होते. सगुणा उठायला गेली, आणि मग बसली. आयुष्यात पहिल्यांदा आईची हाक ऐकून ती बसली.

"जा," ती विनोदला म्हणाली. "तीनचं औषध असतं. दे."

"कुठलं?"

"रजिस्टरात आहे. खाटेच्या उशाशी."

विनोद गेला. वेदिका रडवेली होऊन पत्ते गोळा करत होती, आणि सगुणाला तिचीही कीव आली; पण जवळ घ्यायला आज हात उचलेना. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली, आणि उगाचच भांडी घासायला काढली.

श्रद्धा मागोमाग आली. या दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं. विनोदला हिनेच तिकडे बांधून ठेवलाय, हे सगुणाने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. श्रद्धाने नळ बंद केला.

"ताई, तो पत्ता आमच्याकडेच आहे," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या सर्टिफिकिटांच्या फायलीत बघितला. विचारलं, हा पुठ्ठा कसला? म्हणाले, ताईचा आहे, परत द्यायचाय. तेव्हापासून दर भाऊबीजेला बॅग भरताना ते तो साडीच्या घडीत ठेवतात. आणि दर वर्षी इथे आले की काढून घेतात. परत जाताना बॅगेत असतोच. मी बघते, पण बोलत नाही."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. आताही आहे."

सगुणाच्या डोळ्यांपुढे कपाटातल्या साड्या आल्या. सव्वीस साड्या. मोतिया, शेवाळी, डाळिंबी. निम्म्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. नेसून जायचं कुठे होतं? विनोदच्या लग्नानंतरच्या प्रत्येकीच्या पोटात तो पत्ता रत्नागिरी जिल्ह्यापर्यंत आला होता, या घराच्या उंबऱ्याच्या आत आला होता, आणि पुन्हा डोंबिवलीला गेला होता... देवा, यापेक्षा तो हरवला असता तरी बरं झालं असतं!

"मग तू का नाही बोललीस?" तिने श्रद्धाला विचारलं.

"मी सून आहे ताई. मी बोलले असते तर तुम्हीच म्हणाला असता, आता ही आमच्या घरात शिकवायला आली." श्रद्धाने पदराने हात पुसले. "आणि खरं सांगायचं तर मलाही बरंच होतं. सगळं तुम्ही बघत होतात. मला तर पत्ताच नव्हता, त्यामुळे माझ्यावर पाळीही नव्हती."

इतकं सरळ कुणी बोललं की रागाला धरायला जागाच राहत नाही.

मधल्या खोलीत काहीच आवाज नव्हता. औषध द्यायला इतका वेळ? सगुणा दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. विनोद खाटेच्या कडेला बसून रजिस्टर वाचत होता. अण्णांच्या पद्धतीने आखलेलं, मोठं, लांब रजिस्टर. चार रकाने: वेळ, नोंद, चार्ज देणार, चार्ज घेणार. आई विसरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोजचं लिहून ठेवत जा, आणि सगुणाला लिहिण्याची हीच एक रीत माहीत होती. सहा दहा, उठली. साडेसहा, चहा बशीतून. सव्वाअकरा, मऊभात, चार घास. दोन, रडली, कारण कळलं नाही. दिवसाच्या शेवटी तिसऱ्या रकान्यात सही, स. आ. आणि चौथा रकाना कोरा. पान उलटलं, कोरा. महिना उलटला, कोरा. विनोद पानं उलटत होता, मागे मागे जात होता, मग खाटेखालची जुनी रजिस्टरं त्याने ओढून काढली, त्यांतही तेच. चौथ्या रकान्यावर त्याचं बोट वरून खाली सरकत होतं आणि कुठेच थांबत नव्हतं.

त्याने मान वर केली. त्याला सगुणा दारात दिसली. त्याची हनुवटी थरथरत होती, लहानपणी मार खाल्ल्यावर थरथरायची तशी.

"औषध दिलंस?" सगुणाने विचारलं.

"नाही."

"मग दे आधी. पिवळी गोळी. कुस्करून, मधातून."

संध्याकाळी पाट मांडले. सगुणाने निरांजन लावलं, विनोदला कुंकू लावलं, ओवाळलं. सगळं नेहमीच्या क्रमाने. विनोदने पिशवीतून साडी काढली. घडी उलगडली. आणि साडी बाजूला ठेवून आतला तपकिरी पुठ्ठा ताटात ठेवला. कोपरे झिजलेले, निळ्या शाईत अण्णांचं वळणदार अक्षर: रिलीव्हर.

सगुणाने तो उचलला नाही.

"दर वर्षी आणायचास," ती म्हणाली. "आणि परत न्यायचास. आणायचास तरी कशाला, विनू? इतक्या जवळ आणून परत न्यायला जीव झाला कसा तुझा?"

"तू कधी मागितला नाहीस," विनोद पुटपुटला.

"मागायचा नसतो. नियम तुला ठाऊक नव्हता?"

"ठाऊक होता." त्याने डोळे पुसले. "ठाऊक होता म्हणूनच तर फावलं. ताई मागत नाही, म्हणजे ताईचं बरं चाललंय, असं म्हणत राहिलो. इथे आलो की आईचं सगळं बघायचो आणि घाबरायचो. हे मला जमणार नाही, असं वाटायचं. तुला जमतंय ना, मग राहू दे. दरवाज्यातून आत येईपर्यंत देणार असायचो, आणि तुला एकदा बघितलं की... मी भित्रा आहे, ताई. तुझ्याएवढा खंबीर मी कधीच नव्हतो."

आता हे ऐकून कुणी पाघळावं, भावाला पोटाशी धरावं. सगुणालाही तसं वाटलं, नाही असं नाही. पण तिने ताट खाली ठेवलं. सत्तावीस वर्षांनंतर तिला रडणारा भाऊ नको होता.

"मला पुठ्ठा नको," ती म्हणाली. "साडी नको, रडणं नको. चार्ज घेणार असलास तर घे. नाहीतर तो उचल, आणि पुढच्या वर्षी आणू नकोस."

आणि मग विनोद उठला, आत गेला, रजिस्टर घेऊन आला, आणि पुन्हा पाटावर बसला.

"सांग," तो म्हणाला.

"तीन महिने ते राहतील, त्यांची रजा साठलीय," श्रद्धा म्हणाली. "मग मेपर्यंत मी. शाळेत बिनपगारी रजा मिळते, मी दिवाळीच्या सुट्टीआधीच विचारून ठेवलंय. तोवर वेदिकाचं ती बघेल."

सगुणाने तिच्याकडे पाहिलं. दिवाळीच्या आधीच! आणि आपण या बाईला वीस-बावीस वर्षं काय काय समजत आलो...

राहीला त्याच संध्याकाळी फोनवर हो कळवलं, पण चार्ज द्यायला आठ दिवस लागले. वीजघरातल्यासारखंच सगळं फिरून दाखवावं लागलं, आणि सगुणाच्या जिवाचा नुसता संताप झाला. या माणसाला काही म्हणजे काही येत नव्हतं. कुशीवर कसं वळवायचं ते चारदा दाखवलं. आंघोळीचं पाणी कोपराने बघायचं, बोटाने नाही. संध्याकाळी खाटेला खुर्ची टेकवून ठेवायची, ती उठायला बघते, पडेल. "विनू आला काय" विचारलं तर "मीच विनू" म्हणून वाद घालायचा नाही, येतोय म्हणायचं. तीनला डब्याचं विचारते, भरलाय म्हणायचं, रिकामा डबा हातात द्यायचा, शांत होते. चहा बशीतच. "लिही," ती ओरडायची, "तोंड काय बघतोस माझं? लिही." विनोद लिहायचा. पहिले दोन दिवस त्याला अंथरूण बदलताना उमासे आले. तिसऱ्या दिवशी नाही आले. आठव्या दिवशी त्याने चौथ्या रकान्यात सही केली. सगुणाने तिसऱ्यात केली, तेव्हा पेन अडखळलं आणि स नीट आला नाही.

निघताना ती आईच्या पाया पडली. "बाई, रजेवर चाललात काय?" आईने विचारलं. "लवकर या हो. माझा विनू यायचाय."

"येते हो," सगुणा म्हणाली, आणि रत्नागिरीपर्यंत एसटीच्या खिडकीकडे तोंड करून बसली.

पूर्णगडला तिसरा दिवस. दुपारी दीड वाजला होता, पहिली पंगत उठली होती, राही हिशेबाला न बसता विड्याचं पान जमवत होती. सगुणा चुलीवरच्या बांगड्याच्या तिखल्यात त्रिफळं टाकत होती, तेवढ्यात फोन वाजला. विनोद.

"ताई, आई चहा घेत नाहीये सकाळपासून."

"कशातून दिलास?"

"कपातून. बशी फुटली."

"मग दुसरी काढ. फडताळात वर सहा आहेत. रजिस्टरात आहे ते, पहिलं पान. वाचत जा जरा," ती तडकून म्हणाली आणि फोन ठेवणार, तोच तो म्हणाला,

"ताई, थांब. आणखी एक आहे. सकाळपासून ती विचारतेय. सगुणा कुठे गेली म्हणून."

सगुणाच्या हातातली पळी तिखल्यात बुडाली. चार वर्षं... चार वर्षं ज्या नावासाठी तिने कान लावून ठेवले होते, ते नाव आता घेतलं होतं आईने. आता, ती तिथे नसताना! पिशवी उचलावी, अडीचची गाडी पकडावी, काही नको, खाणावळ नको, कुणी सोडवायला नको, फक्त एकदा समोरासमोर ते नाव ऐकू यावं... ती अर्धवट उठलीसुद्धा. राही पान जमवायची थांबून तिच्याकडे बघत होती.

"तू काय सांगितलंस?" सगुणाने कसंबसं विचारलं.

"काय सांगायचं ते कळेना. रजिस्टरात नाहीये ते."

"फोन दे तिला."

पलीकडे खुडबुड झाली, भांडं पडलं, विनोद काहीतरी हळू बोलला. मग श्वास ऐकू आला. आणि मग आईचा आवाज, पोफळीच्या क्वार्टरमध्ये आतून यायचा तोच, ठणठणीत:

"सगुणा, सुटलीस काय गो?"

सगुणाने पदर तोंडात कोंबला. राहीने पुढे होऊन चूल बारीक केली.

"सुटले, आई," ती म्हणाली.

"मग आधी जेव. बाकीचं मागाहून."

फोन पुन्हा विनोदकडे गेला. तो रडत होता की काय, कळत नव्हतं. "ताई, आता पुन्हा विचारलं तर काय सांगू?"

"हेच सांग," सगुणा म्हणाली. "सुटली म्हणून. आणि वेळ लिहून ठेव. एक चाळीस."

तिने फोन ओट्यावर ठेवला. बाहेर दुसरी पंगत बसायला आली होती, चार माणसं रत्नागिरीची, हात धुऊन उभी. राहीने त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं, एक पान वाढलं आणि ते सगुणापुढे ठेवलं. आणि सगुणा, डोळे पुसत पुसत, सगळ्यांच्या आधी जेवायला बसली.